कंद वेलासकट आणा

गयाबाई या बौद्ध वस्तीतल्या मजूर बाईवर अन्याय झाला तो १९८३ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी हजेरीच्या वेळी. जागा, ईटच्या डोंगराखाली वनौषधी सहकारी संस्थेनं उभारलेली पत्र्याची शेड. अन्याय करणारे तिघं. संस्थेचे चेअरमन, संस्थेचे सचिव, आणि तिसरा मी. पहिल्या दोघांना आज हार पडतात. मला हा लेख लिहायला पुरवणीत जागा मिळाली. आणि गयाबाई महिन्यापूर्वी गेल्या.

बातमी मला येरमाळ्याच्या स्टँडवर लागली. येडेश्वरीची यात्रा नुकतीच उठली होती, हॉटेलवाला बाकडी आत घेत होता. कळंबची गाडी यायला वेळ होता म्हणून मी चहा सांगितला. बाकडं उचलता उचलता तो शेजारच्या माणसाला म्हणाला, "ईटची ती विखाची म्हातारी गेली म्हणं. सुटली एकदाची." शेजारचा म्हणाला, कोण सुटलं, ती का गाव... आणि दोघं हसले. मी चहा पिऊन टाकला. कोण म्हातारी, हे मला विचारावं लागलं नाही. तिला हे नाव पाडण्यात माझा हात होता.

गयाबाईंचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आईच्या तोंडून. आमचं गाव वाशीजवळ. बहात्तरच्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर होती, तिथं गयाबाईही होत्या. सुकडी मिळायची, पण ती लेकरांना जायची, आणि खडी फोडणाऱ्या बाया रिकाम्या पोटी हातोडा चालवायच्या. गयाबाई दुपारच्या सुट्टीत डोंगरात जायच्या आणि ओट्यात रानरताळी घेऊन यायच्या. पाऊस नाही, म्हणून वेल हिरवा नाही. वाळून काडी झालेला वेल जमिनीत शिरतो तिथं त्या उकरायच्या. उकरताना वेल तुटला तर कंद केवढाही असो, तिथंच टाकून द्यायच्या. बाया शिव्या घालायच्या, एवढा मोठा कंद टाकला म्हणून. त्या म्हणायच्या, वेल तुटला की तो कुणाचा कंद हे देवालासुद्धा सांगता यायचं नाही. रताळ्याच्याच जागी, रताळ्याच्याच रंगाचा कळलावीचा कंद असतो आणि तो माणूस मारतो. त्या उन्हाळ्यात त्यांनी आणलेलं खाऊन एकाही बाईचं पोट दुखलं नाही. माझी आई त्यांतली एक. कंद ती पदर पसरून वरून घ्यायची. गयाबाईंच्या घागरीतलं पाणी मात्र तिनं कधी घेतलं नाही. हे मी आईला एकदा तोंडावर विचारलं, तेव्हा ती सरळ म्हणाली, "कंद चालायचा. पानी न्हाय चालायचं." लाजली नाही, की तिनं कारणही दिलं नाही.

पुढं मी धाराशिवला कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षी आम्हाला आयरिसचं कूळ होतं. प्राध्यापकांनी फळ्यावर उत्तरेकडच्या डोंगरातला जंगली आयरिस काढला आणि सांगितलं की आपल्या जिल्ह्यात या कुळातलं रानात काही सापडायचं नाही, चित्रावरून पाठ करा. मी पाठ केलं. पुंकेसर तीन. अंडाशय पाकळ्यांच्या खाली. पानं तलवारीसारखी, बुडाशी एकमेकांत घडी घातलेली, सगळी एकाच पातळीत, हातपंखा धरावा तशी. लिलीच्या कुळात पुंकेसर सहा आणि अंडाशय पाकळ्यांच्या वर. निशिगंधाच्या कुळात सहाच, पण अंडाशय खाली. परीक्षेपुरतं एवढं पुष्कळ होतं. पण सुट्टीत गावी आलो तेव्हा आई म्हणाली, फुलाचं शिकतोस तर ईटला गयाबाईकडं जा, तिला तुझ्या मास्तरापेक्षा लई कळतं. मी थट्टेवारीनं गेलो.

त्या दारात बसून खुरप्याला मूठ बसवत होत्या. मी मावशी म्हणून हाक मारली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मी कुणाचा ते विचारलं, आणि आत जाऊन तांब्या आणला. "मावशी म्हनलात, आता पानी प्या, बघू." मी प्यायलो. सगळा तांब्या प्यायलो. त्या हसल्या, म्हणाल्या, एवढी तहान नव्हती तुमाला. खरंच नव्हती. पाणी प्यायलो म्हणजे माझ्याकडून जे द्यायचं ते देऊन झालं, असं मला त्या वेळी वाटलं होतं, आणि हे पुढं फार महागात पडलं... मला नाही, त्यांना.

वहीतलं चित्र त्यांनी हातात धरलं. मी सांगितलं, हे फूल आपल्याकडं नसतं. त्यांनी विचारलं, काड्या किती. मी म्हणालो तीन. पोट कुठं. खाली. पानं पंख्यावानी का. हो. "मग हाय की आपल्याकडं," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्यासुद्धा. तासभर चढल्यावर एका मोडक्या दगडी बांधाच्या आडोशाला त्यांनी मला ते दाखवलं. कमरेएवढं झाड, पानांचा पंखा, वर केशरी फूल, त्यावर तांबडे ठिपके. मी एक फूल फाडून पाहिलं. पुंकेसर तीन होते. पोट पाकळ्यांच्या खाली होतं. जुनी बोंडं फुटून आत काळ्या मण्यांचे घोस दिसत होते. पुस्तकातलं कूळ आमच्या उघड्याबोडक्या डोंगरावर उभं होतं आणि एक निरक्षर बाई मला म्हणत होती, मोजा की, मोजायला तर आलात.

परतीच्या वाटेवर त्यांनी कळलावी दाखवली आणि विचारलं, हिचं पोट कुठं. मी ऐटीत म्हणालो, खाली. त्या खाली बसून हसल्या. कळलावीचं फूल उलटं लोंबतं, पाकळ्या मागं वळून वर जातात, म्हणून अंडाशय खाली दिसतो. शिकलेला माणूस हमखास फसतो. "देठाकडनं बघा," त्या म्हणाल्या, "जिथनं आलंय तिथनं बघायचं. तुमाला दिसतंय तिथनं न्हाय." देठाकडून पाहिलं तर पोट पाकळ्यांच्या वर, आणि काड्या सहा. मग त्यांनी पान दाखवलं. पानाचं टोक शेपटीसारखं वळून काटकीला विळखा घालून बसलेलं. रानरताळ्याच्या पानाला ही शेपटी नसते. कंदाकंदांत फरक करायचा तो या शेपटीवरून, फुलावरून, वेलावरून. नुसता कंद हातात आला तर त्या ओळखायला साफ नकार द्यायच्या.

केशरी फुलाचं झाड मी कॉलेजात नेलं. प्राध्यापक म्हणाले, कधीकाळी कुणाच्या बागेतून सुटून रानात गेलेलं असणार. असेलही. पण त्यांनी ते वाळवून कागदावर चिकटवलं आणि खाली चिठ्ठीवर संग्राहक म्हणून माझं नाव घातलं. मी काही बोललो नाही. मला बरं वाटलं होतं. ही पहिली गोष्ट आहे जी मी लपवली, म्हणून इथं सांगतो.

कॉलेज संपलं आणि मी मजुरांच्या संघटनेत पडलो. सहकाराच्या नावाखाली ठरावीक घरांची चूल कशी पेटते यावर पत्रकं लिहिणं हे माझं काम. त्याच सुमाराला ईटला वनौषधी संस्था निघाली. मुसळी आणि कळलावी डोंगरातून उपटून औषधवाल्यांना पाठवायची. संस्थेनं गयाबाईंना निवडीला घेतलं, कारण दुसरं कुणाला येतच नव्हतं. त्यांनी एकच अट घातली. कंद वेलासकट आणा. पोती शेडमध्ये रिकामी झाली की त्या एकेक कंद वेलाला धरून उचलायच्या, पान बघायच्या, आणि मगच विळ्यानं वेल तोडायच्या. कळलावी संस्थेच्या ढिगात. मधूनच रानरताळं निघालं तर ते बायांच्या टोपलीत, कारण रताळं बायांचं हा तिथला रिवाज होता. दुपारी शेडच्या मागं बाया ती निखाऱ्यात भाजून खायच्या. तिथं मुसलमानाची होती, मराठ्याची होती, धनगराची होती, आणि सगळ्या गयाबाईंच्या हातून निघालेलं खायच्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता. वेलासकट पोत्यात माल कमी बसतो म्हणून सचिवांनी खणणाऱ्यांना डोंगरातच वेल छाटायला सांगितलं. सकाळी हजेरी झाली, सगळ्यांचे अंगठे झाले, मग पोती आली. गयाबाईंनी पहिलं पोतं उलटं केलं. नुसते कंद. त्या उठून बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, याला मी हात लावणार न्हाय. सचिव आले. त्यांचं बोलणं मी पुढं चार बायांकडून वेगवेगळ्या वेळी ऐकलंय आणि चौघींनी शब्दाला शब्द तेच सांगितलं. "हात लावायचा नसंल तर घरी जा. तुझा अंगठा आलाय, तेवढा बास."

त्या घरी निघाल्या. जाताना शेडमधल्या बायांना सांगून गेल्या की आज यातलं काही तोंडात घालू नका. शांता नावाची वाशीकडची एकोणीस वर्षांची सून तेव्हा डोंगरात दुसऱ्या खेपेला गेली होती. ती आली, ट्रकची घाई चाललेली, तिला कुणी सांगायचं राहिलं. शेडमध्ये पडलेले दोन कंद बायांच्या टोपलीतले समजून तिनं निखाऱ्यात टाकले. अंधार पडायच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी हातपाय गार पडले. तिसऱ्या दिवशी शांता मेली. तिच्या सासूनं ईटला येऊन गयाबाईंच्या दारात माती फेकली.

संस्थेनं एक कागद पुढं केला. त्या दिवसाची तारीख, वर मजकूर, माल तपासला, विषारी कंद वेगळे केले. खाली गयाबाईंच्या डाव्या अंगठ्याची निशाणी. मी तो कागद डोळ्यांनी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. गयाबाईंवर नाही, चेअरमनवर. त्याच दिवशी पत्रक लिहिलं, दुसऱ्या दिवशी छापलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. "विष आणि अन्न यांची निवड एका अडाणी, अप्रशिक्षित बाईच्या नजरेवर सोपवून कष्टकऱ्यांच्या जिवाशी खेळणाऱ्या चेअरमनला आमचा जाहीर सवाल आहे." ज्या बाईनं मला कुळं मोजायला शिकवली तिला मी अडाणी आणि अप्रशिक्षित लिहिलं. का, तर चेअरमनला झोडायला तो शब्द सोयीचा पडला. ईटला जाऊन त्यांना एक प्रश्न विचारायला मला अर्धा दिवस लागला असता. मी गेलो नाही, कारण छापखाना संध्याकाळी बंद होत होता.

चेअरमननं माझं पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि चौकशीत ते अधिकाऱ्यापुढं पसरलं. आमचे विरोधकसुद्धा हेच म्हणतात, चूक निवड करणाऱ्या बाईची. पत्रक अहवालाला जोडलं गेलं. निष्कर्ष, निवड करणाऱ्या बाईचा निष्काळजीपणा. गयाबाईंना पोलिसांनी चार दिवस ठेवून सोडलं. संस्थेनं नाव बदललं. शेड तीच आहे.

खरं काय ते मला दोन महिन्यांनी कळलं, तेही स्वतःच्या घरात. उरलेली पत्रकं आईनं डब्यांखाली अंथरली होती. दिवाळीला डबे घासताना तिनं विचारलं, यात काय लिहिलंय रे. मी वाचून दाखवलं, मोठ्या आवाजात, सभेत वाचतो तसं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "अंगठा तर सकाळीच घेत्यात की रं. हजेरीला." मला कळलंच नाही. ती म्हणाली, "बहात्तरला आमचा बी सकाळीच घ्यायचे. वर काय ल्हिवायचं ते सांजच्याला ल्हिवायचे. तुला एवढं बी ठावं न्हाय, आन तू मजुरांचं पत्रक काढतोस?" एवढं बोलून तिनं ती पत्रकं डब्यांखालून काढली आणि चुलीत घातली. तिला मी इतकी चिडलेली नंतरही कधी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ईटला गेलो. आधी शेडमधल्या बायांना गाठलं. त्यांनी सगळं सांगितलं, वेल छाटलेली पोती, सचिवांचं बोलणं, गयाबाईंनी जाताना बजावलेलं. पण कागद काढला की सगळ्या गप्प. एक म्हणाली, दादा, उद्या सकाळी आम्हाला त्याच शेडात उभं राहायचंय. मग मी गयाबाईंकडं गेलो. त्यांनी दारातूनच पाहिलं. या म्हणाल्या नाहीत. पाणी आणलं नाही. मी काय बोललो ते मला आठवत नाही, माफी असा काहीतरी शब्द असणार. त्या म्हणाल्या, "तुमचा कागद मला पोलिसात वाचून दावला. लई चांगला ल्हिवलाय. कुनालाबी खरा वाटंल." मी म्हणालो, मावशी, आता मी काय करू. "दुसरा छापा," त्या म्हणाल्या. "त्यात खरं ल्हिवा." आणि मग, माझ्याकडं न बघता, "मी त्या पोरीसाठी थांबाया पायजे हुतं. तेवढं माझं बी ल्हिवा."

मी दुसरं पत्रक लिहिलं. संघटनेच्या बैठकीत ठेवलं. ज्येष्ठ म्हणाले, लढा चेअरमनविरुद्ध आहे, आपलं पत्रक चुकलं असं आपणच छापलं तर उद्या आपलं कोण ऐकेल... योग्य वेळ येऊ दे. मीही मान डोलावली. योग्य वेळ चार वर्षं आली नाही. हे मी ज्येष्ठांवर ढकलत नाही. छापखाना मला माहीत होता.

त्या चार वर्षांत गयाबाई दर श्रावणात एक गोष्ट करायच्या. डोंगरातून कळलावीचा एक वेल कंद, पान, फूल असा सगळाच्या सगळा उपटून आणायच्या आणि पाण्याच्या टाकीजवळच्या लिंबाला टांगायच्या, बायांच्या नजरेच्या उंचीवर. येता-जाता दिसावा, पानाची शेपटी ओळखावी, पुन्हा कुणी शांता मरू नये, एवढाच हेतू. पहिल्या वर्षी लोकांनी तो करणी म्हणून जाळला. दुसऱ्या वर्षी त्यांना लिंबाखालीच धरून मारलं. डावा हात खांद्यातून निखळला, तो कधी नीट बसला नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी उजव्या हातानं टांगला. चौथ्या वर्षी वस्तीतल्या पोरांनी रात्रंदिवस राखण केली तेव्हा तो सुकेपर्यंत टिकला. या चैत्रात ताप आला. वस्तीनं गावात गाडी मागितली, गाड्या होत्या, मिळाली नाही. वस्तीनं खाटेवर घालून दवाखान्याकडं नेलं. वाटेतच त्या गेल्या.

मागल्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीत बसून आलो. त्यांच्या बहिणीच्या लेकीनं दार उघडलं. भिंतीला खिळा, खिळ्याला सुतळी, आणि सुतळीला मागल्या वर्षीचा तो वेल, आणून ठेवलेला. कंद आक्रसून खारकेएवढा झालाय. पान हात लावला की मोडतं, पण टोकाची शेपटी अजून वळलेली आहे. ती लेक म्हणाली, हा काढू नको म्हणायची मावशी, पुढल्या साली हिरवा मिळाला की मगच काढायचा. मी तिथं बसलो तोवर तिनं मला एकदाही दादा म्हटलं नाही. बरोबर केलं.

अहवाल अजून कचेरीत आहे. त्यात गयाबाईंनी शांताला मारलं असं लिहिलंय आणि पुरावा म्हणून एक अंगठा आणि माझं पत्रक जोडलंय. पत्रक खोटं होतं, हे मी सहीनिशी लिहून दिलंय. कचेरीतला बाबू म्हणाला, तुमच्या सहीनं काय होतंय, तुम्ही शेडमध्ये होता का. नव्हतो. होत्या त्या तुमच्या घरात आहेत. तुमची आई असेल, मोठी वहिनी असेल, शेजारीण असेल. ईट, वाशी, येरमाळा या पट्ट्यातल्या ज्या ज्या घरी ही पुरवणी जाते, त्या घरातल्या माणसांनो, तुमच्याकडं माझी एकच मागणी आहे. मला पत्र पाठवू नका, हळहळू नका. आज तिच्याजवळ बसा आणि विचारा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोती आली तेव्हा कंदांना वेल होता का, आणि सचिव गयाबाईला काय म्हणाला. ती बोलेल तसं उतरवा, तिच्या शब्दांत. तिला दोनदा वाचून दाखवा. चुकलं असेल तर खोडा, पुन्हा वाचा. तिनं व्हय म्हटल्यावर, आणि त्याच्या आधी नाही, खाली तिचा अंगठा घ्या आणि तो कागद कचेरीत नेऊन द्या.